सत्तेचाळीस नंबरच्या दीडशे फेऱ्या

पाइनी क्रीकच्या ट्रॅकवर आता कुणी जात नाही. तांबड्या मातीचा तो अर्ध्या मैलाचा गोल गवताखाली गेला, आणि प्रेक्षकांच्या सिमेंटच्या पायऱ्यांच्या फटींतून पाइनची रोपटी वर आलीत. आमच्या गिरणीगावातले म्हातारे अजून पेट्रोल पंपाच्या बाकावर बसून शर्यती उगाळतात. कुणी कुणाला कसं कापलं, कुणाची गाडी कुंपण तोडून मक्याच्या शेतात कशी घुसली. सगळ्या गोष्टी ड्रायव्हरांच्या. मला विचाराल तर त्या ट्रॅकवरचं सगळ्यात भरवशाचं माणूस गाडीत बसतच नव्हतं. ती होती आर्वेला स्टेमी. तिच्या शेजारी मी अकरा वर्षं बसले.

आमच्या तिकडे बायकांना गाड्यांच्या तळावर पाऊल टाकायची बंदी होती. अपशकुन म्हणे. भुईमुगाची टरफलं, हिरवा रंग आणि बाई, ही तीन गाडीच्या आसपास नकोत. मात्र त्याच गाडीच्या फेऱ्या मोजायला घरचीच बाई हवी, कारण दुसऱ्या कुणावर त्या दीडशहाण्यांचा विश्वास नव्हता. म्हणून पायऱ्यांच्या वर एक लाकडी मचाण बांधलं होतं. त्यावर लांब बाकडं, समोर मोठं घड्याळ, आणि बाकड्यावर आम्ही वीस-बावीस बायका. प्रत्येकीच्या हातात एक कार्ड आणि दोन पेन्सिली. आपली गाडी रेघेवरून गेली की घड्याळात बघायचं आणि पुढच्या चौकटीत वेळ लिहायची. माझा नवरा गारलंड बारा नंबर चालवायचा, आर्वेलाचा डेविट सत्तेचाळीस.

नियम एकच होता. ट्रॅकवर आभाळ कोसळलं तरी पेन्सिल खाली ठेवायची नाही, आणि न झालेली फेरी लिहायची नाही. ज्या बाईने न झालेली फेरी लिहिली ती पुन्हा बाकड्यावर बसत नसे. माझ्यासमोर दोघी गेल्या तशा. फर्मन टीग म्हणून मोजणीचे मुख्य होते. आवाज न चढवता ते हात पुढे करायचे आणि पेन्सिल परत मागायचे. इतकंच. पण त्या बायका मग दुकानातही मान खाली घालून फिरायच्या.

आर्वेला दिवसा गिरणीत सूत कातणाऱ्या चात्यांवर उभी राहायची. हडकुळी, उंच, बोलायला तुटक. कौतुक तर तिच्या तोंडून निघायचंच नाही. मी चौकट चुकवली की न बघता म्हणायची, "नडीन, तुझा नवरा आत्ता गेला. ओळखतेस ना त्याला?" मी चिडायचे. पण तिचं कार्ड बघितलं की गप्प बसायचे. एकेक आकडा छापल्यासारखा. डेविटची गाडी वळणावर आवाजाने ओळखायची ती. "आज उजवीकडून ओढतेय," म्हणायची, आणि खरंच तसं असायचं. डेविट तसा मधल्या दर्जाचा ड्रायव्हर, देव त्याचं भलं करो. पुढची जागा पकडायचा, आणि शेवटी-शेवटी हमखास मागे पडायचा. आर्वेलाला त्याचं काही नसायचं. "आला ना परत? बस्स," म्हणायची.

चौसष्टच्या सप्टेंबरातला पहिला सोमवार. कामगारांची सुट्टी, दीडशे फेऱ्यांची मोठी शर्यत, दुपारचे तीन. डेविटची आई ऑटीबाई आमच्या मचाणाच्या अगदी खाली, चौथ्या पायरीवर बसली होती. डबा उघडून सगळ्यांना तळलेली कोंबडी वाटत होती. एकुलता एक मुलगा तो तिचा. डेविट तिसरा धावत होता. एकशेअडतिसावी फेरी त्याने पूर्ण केली, आणि तिसऱ्या वळणावर पुढचं चाक निखळलं. गाडी भिंतीवर गेली, आणि मग पेटली.

त्या आगीबद्दल मी आणखी काही लिहिणार नाही. लाल निशाण पडलं, सगळ्या गाड्या जागच्या जागी थांबल्या. माझी पेन्सिल कधी पडली मला कळलं नाही. सगळं बाकडं उभं होतं. मी वळून आर्वेलाकडे बघितलं, तर ती बसलेली. मान खाली, हात कार्डावर. घड्याळाकडे बघून एक आकडा लिहिला. थोडा वेळ गेला. पुन्हा घड्याळाकडे बघितलं, पुन्हा लिहिला.

खालच्या पायरीवरून ऑटीबाईने त्याच वेळी वळून वर बघितलं. सुनेकडे बघितलं. मुलगा जळत होता आणि सून हिशोब लिहीत होती, एवढंच त्या बाईला दिसलं.

मी मात्र कार्ड बघत होते. ट्रॅकवर एकही चाक फिरत नव्हतं, आणि आर्वेला सत्तेचाळीस नंबरच्या फेऱ्या लिहीत होती. एकशेएकोणचाळीस. एकशेचाळीस. मी तिच्या हातातून पेन्सिल काढून घ्यायला हवी होती. धीरच झाला नाही. पाच मिनिटं ती लिहीत होती. दीडशेवी चौकट भरली, पेन्सिल कार्डाशेजारी सरळ ठेवली आणि म्हणाली, "झालं. चल, उठू या." उठली आणि कार्ड तिथेच ठेवून पायऱ्या उतरू लागली.

ते कार्ड मी पोलक्यात खोचलं. कोऱ्या कार्डावर एकशेअडतीसपर्यंतचे आकडे उतरवून टीगसाहेबांना दिले. त्यांना सगळ्यांची अक्षरं पाठ होती. माझं अक्षर ओळखलं, तरी पेन्सिल परत न मागता घडी करून खिशात घातलं. त्या माणसाबद्दल मी नंतर कधी वावगं बोलले नाही.

दफन झाल्यावर चार दिवसांनी आर्वेला माझ्या स्वयंपाकघरात आली.

"कार्ड कुठंय?"

"माझ्याकडे."

"टीगसाहेबांनी बघितलं?"

"दुसरं दिलं मी. तुला काही होत नाही."

ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "बाकडं गेलं तर माझ्याकडे काय राहिलं, सांग. कुणाला म्हणजे कुणालाही सांगायचं नाही, नडीन." मी शब्द दिला. आणि तिसऱ्या शनिवारी ती मचाणावर हजर. नवखे ड्रायव्हर रांग लावून यायचे, आमची गाडी तुम्ही मोजा म्हणून.

गावाने मात्र तिला सोडलं नाही. ऑटीबाईने जे बघितलं ते तिने चर्चच्या पायऱ्यांवर, केस धुवायच्या दुकानात, जिथे जाईल तिथे सांगितलं. "नजर वर केली नाही बयेने. माझा लेक जळतोय आणि ही बेरजा करतेय." आर्वेला एका शब्दाने उलटून बोलली नाही. वाईट म्हणजे दोघी एकाच घरात राहत होत्या. गिरणीचं घर, आर्वेलाच्या नावावर. सासूला टाकून ती कुठे जाणार होती, आणि सासू तरी कुठे जाणार होती. सात वर्षं ऑटीबाई सुनेशी बोलली नाही. जे बोलायचं ते मांजराला. "मांजरा, वालात मीठ नाही म्हणावं." "मांजरा, विचार, औषध आणलं का." आर्वेला मीठ घालायची, औषध आणायची. मी हसायचे त्या मांजरावर. आर्वेला हसायची नाही.

मग ऑटीबाईची नजर गेली. आधी एक डोळा, मग दुसरा. आता हात धरून न्यायला कुणीतरी लागणार, आणि सुनेच्या हाताला तिला हात लावायचा नव्हता. एकाहत्तरच्या वसंतात तिने जॉर्जियातल्या बहिणीला कळवलं, मला येऊन घेऊन जा. बहिणीचा मुलगा गुरुवारी येणार होता. आधीच्या शनिवारी बाकड्यावर आर्वेलाने हे मला सांगितलं, तेही पेन्सिलीला टोक करता करता.

"जाऊ दे की म्हातारीला," मी म्हटलं. "सुटशील."

"तिच्याशिवाय त्या घरात डेविटला ओळखणारं कोण आहे?" ती म्हणाली. सात वर्षांत पहिल्यांदा तिच्या हातून टोक मोडलेलं मी बघितलं.

मंगळवारी रात्रभर मी दिलेला शब्द घोळवत बसले आणि बुधवारी तो मोडला. पश्चात्ताप नाही. आर्वेला पाळीवर असताना कार्ड घेऊन मी त्यांच्या घरी गेले. ऑटीबाई स्वयंपाकघरात बसली होती, पायाशी बांधलेली बॅग.

"ऑटीबाई, मी नडीन प्रुइट. तुम्हाला काही वाचून दाखवायचंय."

"बायबल असेल तर पाठ आहे मला."

"डेविटचं शेवटचं कार्ड आहे. आर्वेलाने लिहिलेलं. एकशेअडतिसाव्या फेरीपासून पुढचं ऐका."

"पुढचं काय असणार? पुढे काही नव्हतं."

"ऐका तर खरं." मी वाचायला लागले. "एकशेअडतीस, तीन वाजून सत्तावन्न मिनिटं दोन सेकंद. एकशेएकोणचाळीस, सत्तावन्न मिनिटं सव्वीस सेकंद. एकशेचाळीस, सत्तावन्न मिनिटं पन्नास सेकंद."

म्हातारीचा हात टेबलावर थांबला. "थांब. एकशेचाळिसावी कुठून आणलीस?"

"तिने लिहिलीय. तुम्ही वळून बघितलंत ना वर, तेव्हा ती हेच लिहीत होती. दीडशेपर्यंत लिहिलंय. गाडी घरी आणल्याशिवाय हात थांबला नाही तिचा. बेरजा नव्हत्या त्या."

मी सगळं वाचलं. वाचता वाचता माझ्या मागे दार वाजलं. आर्वेला आली होती, केसांत कापसाचे तंतू, डबा हातात. काय चाललंय ते तिला लगेच कळलं. माझ्याकडे तिने जे बघितलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तरी मी थांबले नाही. "एकशेपन्नास. चार वाजून एक मिनिट छप्पन्न सेकंद."

"सगळ्या चोवीस सेकंदांच्या आहेत," ऑटीबाई म्हणाली. नजर गेली होती, डोकं नव्हतं गेलं. "शेवटच्या चारांना जास्त लागलेत. असं का?"

सात वर्षं ते कार्ड माझ्या कपाटात होतं, आणि माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं.

दारातून आर्वेला म्हणाली, "उजवं मागचं टायर, आई. शेवटी-शेवटी झिजायचंच त्याचं."

ऑटीबाईने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. "मग नंबर कितवा दिलास?"

"तिसरा."

"तुझ्याच हातात होतं ना गं. जिंकवायचंस की एकदा माझ्या पोराला."

"पुढचे दोघं लांब होते, आई. तो त्यांना गाठत नव्हता."

म्हातारीच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने पुसलं नाही. हात पुढे करून शेजारची खुर्ची चाचपली आणि टेबलापासून मागे ओढली.

"इथे बस," ती म्हणाली. "आणि पहिल्या फेरीपासून वाच. नडीनला काही कळत नाही त्यातलं."

आर्वेलाने माझ्या हातून कार्ड घेतलं, खुर्चीत बसली आणि पहिल्या फेरीपासून वाचायला लागली.