दोनशे छिद्रांची जाळी

पांढरकवड्यात माझं गॅरेज आहे. तीस वर्षं माझ्या हाताखालून जीप, ट्रॅक्टर आणि मालाचे टेम्पो गेले. त्यामुळे पोळा झाल्यावर आठवड्याभरात आमचे निवृत्त डॉक्टर ती दोन सीटांची जुनी स्पोर्ट्स कार घेऊन दारात आले, तेव्हा मी हात पुसायचंही विसरलो.

डॉक्टर छातीच्या आजारांचे. माझ्या वडिलांचा दमा त्यांनीच सांभाळला होता. अशी गाडी त्यांना कॉलेजात असल्यापासून हवी होती आणि ती मिळाली दवाखाना बंद केल्यावर, हैदराबादच्या कुणाकडून तरी. सहा सिलिंडरची, परदेशातून आलेली, गडद हिरवी. माझ्या लग्नाच्याही आधीची.

"मिस्त्री, पळूनच नाही राह्यली," ते म्हणाले. "ऐंशीच्या वर गेली का गुदमरते."

मी खाली शिरलो. या गाडीला सायलेन्सरच्या आधी दोन डबे असतात, इंजिनाच्या एकेका बाजूला एक. त्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. आत बारीक छिद्रांची जाळी असते, तिच्यातून जाताना धुरातलं बरंचसं विष जळून जातं. मी हातोडीनं हलकेच ठोकून पाहिलं. उजवा डबा खुळखुळला. काढून उघडले, तर उजवीकडच्या जाळीचा चुरा झालेला आणि डावीकडची वितळून निम्मी बुजलेली.

"डबे काढून सरळ पाइप टाकून देतो," मी म्हणालो. "संध्याकाळपर्यंत गाडी तुमच्या घरी."

"ते नाही जमणार. आयुष्यभर लोकाईच्या छात्या तपासल्या, आता त्याईच्या तोंडावर कच्चा धूर सोडू काय? दुसरं सांग."

दुसरं म्हणजे नागपूरहून तयार डबे आणायचे. चार दिवसांचं काम. चिनी मातीची जाळी, एका चौरस इंचात चारशे छिद्रं, धूर साफ पण वाट अरुंद. गाडी रस्त्याला लागली असती, पूर्वीसारखी धावली मात्र नसती. तिसरा मार्ग हाय-फ्लो कन्व्हर्टरचा. त्याची जाळी पातळ धातूच्या पत्र्याची, छिद्रं कमी पण मोठी, म्हणून इंजिनाचा दम कोंडत नाही. तो परदेशातून मागवावा लागणार होता.

"तुह्यं मत काय?" डॉक्टरांनी विचारलं.

माझं मत असं कुणी विचारत नाही. ट्रॅक्टरवाला विचारतो, कधी होईल. मला त्या प्रश्नाचा अभिमान वाटला, हे आता कबूल करतो. मी म्हणालो, "नागपूरचा माल नोको, डॉक्टरसाहेब. एवढी गाडी घेतली तं कामबी तसंच झालं पायजे. थांबू थोडं."

ते थांबले. दर रविवारी सकाळी वही घेऊन यायचे. मी स्टूल द्यायचो, ते मोबाइलवर वाचून दाखवायचे, मी गाडीखालून मापं सांगायचो. शंभर छिद्रांची घ्यायची की दोनशेची, यावरच तीन रविवार गेले. शंभरची जाळी सर्वात मोकळी, पण धूर तपासणीत नापास होण्याची भीती. दोनशेची मधली. मग पाइपाचा व्यास. ते म्हणाले अडीच इंच, मी म्हणालो दोन, कारण इंजिन तेवढं मोठं नव्हतं आणि पाइप उगाच रुंद केला तर खालच्या गतीला ओढ जाते. मग डबा किती पुढे बसवायचा. इंजिनापासून लांब गेला तर तापत नाही, आणि तापला नाही तर काम करत नाही.

एका रविवारी त्यांच्या हातून पाना पडला. उचलून दिला, तर पुन्हा पडला. "हात घामेजले," ते म्हणाले. मी त्यांना कोरडं फडकं दिलं.

दिवाळीला आमचं ठरलं. दोनशे छिद्रांची धातूची जाळी, दोन इंची तोंड, दोन नग. संक्रांतीच्या सुमारास खोकं आलं. त्यात एक डबा दोनशेचा होता आणि दुसरा शंभरचा. डॉक्टर खोक्याकडे पाहत बराच वेळ बसले. त्या दिवशी ते काठी घेऊन आले होते. मी विचारलं तर म्हणाले, पाय मुरगळला.

"एका बाजूले एक, दुसऱ्या बाजूले दुसरा, लावून पाहू काय?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही बाजू सारख्या नाही श्वास घेणार. वापस पाठवू," मी म्हणालो.

परत पाठवला. त्यानंतर ते रविवारी येईनासे झाले. मला वाटलं, कंटाळले.

बदली डबा होळीच्या आसपास आला. मी दोन दिवस दुसरं काम घेतलं नाही. जोड असे मारले की बोट फिरवलं तरी शिवण लागू नये. गाडी सुरू केली तेव्हा आवाज भरीव आला, कुठे फुसफुस नाही. धूर तपासणीही पास झाली. तो कागद घेऊन मी गाडी त्यांच्या घरी नेली.

दार बाईंनी उघडलं, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नीनं. डॉक्टर आत चाकाच्या खुर्चीत होते. मान एका बाजूला कललेली, हात मांडीवर ठेवल्यासारखे पडलेले.

"तुमाले त्याईनं सांगतलं नाही काय, भाऊ?" बाई म्हणाल्या. "नसाईचा आजार हाये. औषध नाही याले. पोळ्याच्या आधीच समजलं होतं."

मला बसवेना. डॉक्टरांच्या समोर उकिडवा झालो आणि विचारलं, "काहून नाही सांगतलं मले? मी चार दिवसांत नागपूरचे डबे बसवले असते. सहा महिने तुमी चालवली असती."

त्यांचं बोलणं जड झालं होतं. शब्द एकेक करून येत होते. "सांगतलं असतं तं तू घाई केली असती. मले वाटलं, सावकाश करू. रविवारी बरं वाटे." मग म्हणाले, "मायं गणित चुकलं. पाय एवढ्या लवकर जाईल असं नव्हतं वाटलं."

क्लच दाबायला डावा पाय लागतो. तो गेला होता.

बाई आणि मी त्यांना उचलून गाडीत बसवलं, चालकाच्या शेजारी. मी केळापूरच्या बाजूनं हायवेला काढली. रस्ता मोकळा होता, दोन्हीकडं कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या उभ्या. मी जरा दाबली तशी गाडी एकदम पुढे झेपावली. ज्यासाठी सगळा खटाटोप केला होता, तीच ओढ. डॉक्टरांची मान मागे गेली आणि तिथेच राहिली. त्यांना ती पुढे आणता येईना. तोंड उघडं, डोळे आभाळाकडे. मी गाडी बाजूला घेतली, दोन्ही हातांनी त्यांचं डोकं सरळ केलं आणि माझा दुपट्टा मानेमागे खोचला.

"हळू चालवतो," मी म्हणालो.

"घरी घे," ते म्हणाले.

येताना चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. एक ऑटो आम्हाला मागे टाकून गेला. त्या गतीला इंजिनाचा आवाज धड ऐकूही येत नव्हता.

आता ते बोलू शकत नाहीत. बाई नळीनं जेवण देतात. बॅटरी उतरू नये म्हणून मी पंधरा दिवसांनी जातो, त्यांच्या शेडमध्ये गाडी दहा मिनिटं चालू ठेवतो. त्यांची खोली शेडला लागूनच आहे, आवाज भिंतीपलीकडे जात असणार. पहिल्या दोन वेळा मला वाटलं, त्यांना तेवढंच बरं वाटेल. मागच्या खेपेला आत जाऊन विचारलं, "दार उघडून देऊ काय, नीट ऐकू येईल?" ते डोळ्यांनी हो-नाही सांगतात, एकदा मिचकावले तर हो, दोनदा तर नाही. त्यांनी डोळे मिटले. मी थोडा वेळ थांबलो, पण त्यांनी उघडले नाहीत.

बाहेर आलो तर बाई ओट्यावर तुरीची डाळ निवडत होत्या. म्हणाल्या, "भाऊ, पुढच्या वेळी नका चालू करू. आवाज झाला का त्याईच्या डोळ्यातून पाणी येते, अन् मले पुसून पुरत नाही."

मी बॅटरीची तार सोडवून ठेवली आणि गाडीवर कापड ओढलं.