कपाशीच्या काड्यांवरचं वांगं

हिवाळ्यात मेहरूणच्या आमच्या गल्लीत कुणी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, की त्या वासानं मी हातातलं काम टाकून उठते. पाचोऱ्याजवळच्या शेतात भरिताचा बेत असला की आबा, म्हणजे माझे आजोबा, जाळापाशी बसायचे. वांगं भाजलं की नाही हे ते डोळे मिटून, नुसत्या वासावरून सांगायचे, आणि ते बोलेपर्यंत कुणी वांग्याला हात लावत नसे. एका वर्षी आम्ही असेच थांबलो. साली काळ्या पडल्या, रस राखेत गळून चरचरला, धुरानं आईचे डोळे वाहायला लागले. "आबा, काढू का?" मी विचारलं. "थांब ना बेटा, अजून कच्चं शे. वास कुठे उना?" असं म्हणून, न आलेला वास घ्यायला त्यांनी नाक आणखी पुढे केलं. जळका वास तर पार बांधापर्यंत गेला होता. वडलांनी वांगी ओढून काढली. ते कडू भरीत आबांनी "झकास" म्हणत खाल्लं आणि आम्हीही माना डोलावल्या. तेव्हापासून हा वास आला की माझा पाय घरात ठरत नाही. मी वडलांना शोधते आणि विचारते, "येतोय ना वास?" दरवेळी ते हसून "हो गं" म्हणतात. आज धूर पार घरात शिरला होता, तरी त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मग "हो गं" म्हणाले.