आफ्रिका जिंकून राहिली

माझ्याकडे उत्तेजनार्थ बक्षिसं भरपूर आहेत. निबंधाचं आहे, वादविवादाचं आहे, एक रांगोळीचंही आहे, जिच्यात मी फक्त रंग चाळून दिले होते. आईनं ती सगळी प्रमाणपत्रं गावी, खाप्याच्या घरी टीव्हीच्या वर ओळीनं चिकटवली आहेत. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच, त्यामुळे 'उत्तेजनार्थ' म्हणजे नेमकं काय हे घरी कुणाला माहीत नव्हतं आणि सांगायचं धाडस मला झालं नाही. आईला तो पहिल्या-दुसऱ्यासारखाच एखादा नंबर वाटतो. शेजारणीला ती अभिमानानं सांगते, "आमचा हरसाल उत्तेजनार्थ येते वं."

यंदा माझं शेवटचं वर्ष. कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत पहिल्या दोघांत नंबर आला की विद्यापीठाच्या स्पर्धेला पाठवतात. मला तिथे जायचं होतं. फार जायचं होतं. हे मी कुणाला बोललो नव्हतो, कारण बोलल्यावर नाही झालं तर त्याचंही काहीतरी उत्तेजनार्थ मिळेल अशी भीती होती.

फुटबॉलचा विश्वचषक जवळ आलेला, म्हणून विषय निघाला : 'आफ्रिकेचा संघ विश्वचषक जिंकू शकतो.' बाजू चिठ्ठ्या टाकून ठरली. माझ्या चिठ्ठीवर 'अनुकूल' होतं. बाकीच्या मुलांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं कुणाला परीक्षेचं सेंटर थेट गडचिरोलीला आल्यावर पाहतात. माझा हॉस्टेलचा रूममेट नाशिकचा. त्याला 'प्रतिकूल' आलं. तो खोलीवर येऊन झोपला. म्हणाला, "मला तयारी कशाला लागते? आजवर एकही जिंकला नाही, बसा खाली, धन्यवाद."

मी मात्र तयारीला लागलो. फुटबॉल मला फारसा कळत नव्हता. आमच्या गावाकडे सपाट जागा दिसली की तिच्यावर स्टम्प रोवतात. मोबाइलवर जुने सामने पाहू लागलो. घानाची एक पेनल्टी होती. सामना संपत आलेला, चेंडू आत गेला की संघ उपांत्य फेरीत. तो आडव्या दांड्याला लागून वर गेला. मी ती पेनल्टी कितीदा पाहिली कुणास ठाऊक. दर वेळी वाटायचं, आता तरी आत जाईल. रूममेट पांघरुणातून म्हणाला, "अरे, ते रेकॉर्डेड आहे."

हळूहळू मला एक गोष्ट दिसायला लागली. कॅमेरून हरला, लोक म्हणाले काय खेळले! सेनेगल हरला, काय जिगर! घाना हरला, मनं जिंकली! मला ही भाषा ओळखीची वाटली. आमच्या टीव्हीच्या वर ती ओळीनं चिकटवलेली आहे.

भाषण लिहून काढलं तेव्हा खरी अडचण आली. मी लिहितो बऱ्यापैकी नीट, पण मनापासून लिहायला लागलो की आपोआप घरचं उतरतं. 'संघाला'च्या जागी 'संघाले', 'त्याला'च्या जागी 'त्याले'. यंदा परीक्षक म्हणून पुण्याहून नुकत्याच बदलून आलेल्या एक मॅडम होत्या. मी रूममेटला भाषण दाखवलं. तो विरुद्ध बाजूचा, पण मनाचा साधा. वाचून म्हणाला, "मुद्दे चांगले आहेत. फक्त ते 'ले' काढ आणि 'ला' टाक."

मी तसंच केलं. मोबाइलमध्ये शब्द बदलायची सोय असते. शोधा : ले. त्याऐवजी : ला. सगळे बदला. एका बोटात सगळं भाषण पुण्याचं झालं. मी ते परत वाचलं नाही, कारण पाठच होतं. मोबाइल फक्त आधाराला.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी बाबांचा फोन आला. विहिरीची मोटर जळाली होती, तिचं वायंडिंग भरून घ्यायला नागपूरला येणार होते. "तुह्या कॉलेजवरूनच येतो. काय बोलतं ते आयकतो."

"बाबा, फुटबॉलवर आहे. आफ्रिका जिंकेल का म्हणून."

"इंडियाकडून काहून नाही बोलत गा?"

"इंडिया नाही ना वर्ल्ड कपमध्ये. पात्रच नाही झाली."

"मंग आफ्रिका तं आपल्या पुढेच हाय नं," बाबा म्हणाले. "चांगली पार्टी धरली तुनं."

ते आले. सभागृहात शेवटच्या रांगेत बसले, दोन पायांच्या मधे पोत्यात बांधलेली मोटर. मला मंचावरून शोधावं लागू नये म्हणून त्यांनी हात वर करून दाखवला, आणि तो खाली घेईनातच. कॉलेजच्या आत ते पहिल्यांदाच आले होते.

रूममेट माझ्या आधी बोलला. छान बोलला. मग माझं नाव पुकारलं. मी उभा राहिलो आणि पाठ केलेलं सगळं कुठेतरी निघून गेलं. मी मोबाइल काढला आणि वाचायला लागलो.

"सन्माननीय परीक्षक, आणि आपल्या कॉलाजचे प्राचार्य..."

पुढच्या रांगेत प्राचार्यांनी मान वर केली. मला वाटलं, जीभ घसरली. पुढे गेलो. "मोरोक्कोने कतारमध्ये भलाभला संघ हरवला. आफ्रिकेतून आलाला खेळाडू युरोपात खेळला, त्यांनी खूप गोल केला. एखाद्या घरातून कोणी कधी कलाक्टर झाला नाही, म्हणून..."

'कलाक्टर'वर सभागृह फुटलं. कुणीतरी मागून ओरडलं, "कोणत्या कॉलाजचा आहे बे?" रूममेटनं दोन्ही हातांत डोकं धरलं होतं. काय झालं ते त्याला माझ्या आधी कळलं होतं. मी स्क्रीनवर खाली सरकवलं. सगळीकडे लाच ला. एक 'ले' शिल्लक नव्हता, कॉलेजातलाही नाही.

मी मोबाइल खिशात ठेवला. शेवटच्या रांगेत बाबा हसत नव्हते. ते पुढे वाकून बसले होते, अजून सुरूच व्हायचं आहे असं समजून.

"मॅडम," मी म्हटलं, "मी जरा न वाचता, तसंच बोलतो."

आणि मग जे बोललो ते मला तुटक आठवतं. "आफ्रिकेले दर टायमाले काय भेटते? उत्तेजनार्थ भेटते. घाना खेळला, सेनेगल खेळला, लोक म्हणे दिल जीत लिया. अरे, दिल घेऊन काय करू? कप दे नं!" इथे टाळ्या पडल्या. मी घाबरून थांबलो, मग कळलं की त्या माझ्यासाठीच आहेत. "तिथले चांगले चांगले पोट्टे दुसऱ्या देशाकडून खेळतात, हे मले माहीत हाय. आधी वर्ल्ड कपात जागाही कमी भेटत. एखाददुसरा जाये, हरे, वापस ये. आता जागा वाढल्या. मोरोक्को सेमीफायनलपर्यंत गेला. पयले गावातून एक पोट्टं शिकाले जाये तं सारं गाव त्याच्यावरच भार टाके. आता भरलेली गाडी जाते. त्यातलं एखादं तं कलेक्टर होईनच."

"कलाक्टर!" मागून आवाज आला.

"तेही होईन," मी म्हटलं. "म्हणून मी म्हणतो, आफ्रिका जिंकून राहिली."

प्रश्नांची वेळ आली. परीक्षक मॅडमनी चष्मा सारखा केला. त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता, चेष्टेचा नव्हता. "तुम्ही शेवटी म्हणालात, आफ्रिका जिंकून राहिली. कधी जिंकली?"

"नाही मॅडम, अजून जिंकली नाही."

"मग राहिली म्हणजे राहून गेली, असं म्हणायचंय का? मग तर तुम्ही प्रतिकूल बोललात."

"नाही मॅडम. जिंकून राहिली म्हणजे..." हे कधी कुणाला समजावून सांगावं लागलं नव्हतं. "आता समजा, मी जेवून राहिलो. म्हणजे माझं जेवण चालू आहे. ताट उचलायचं नाही."

"बराबर हाय!" शेवटच्या रांगेतून बाबा मोठ्यानं म्हणाले. उठायच्या नादात त्यांचा पाय मोटरीला लागला आणि ती धाडकन आडवी झाली.

मॅडम पहिल्यांदा हसल्या. वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं, झालं. खरंच वाटलं. खाली येऊन बसल्यावर रूममेट पाठीवर थापा मारत होता. "ताट उचलायचं नाही! अरे, कुठून काढलंस?"

निकाल लागला. पहिली आली कॉमर्सची एक मुलगी. दुसरा माझा रूममेट. मग मॅडम म्हणाल्या, एका स्पर्धकाचा आशय फार चांगला होता, भाषणानं मनं जिंकली, भाषेवर थोडी मेहनत घ्यावी. मनं जिंकली हे ऐकलं तेव्हाच मला कळलं. उत्तेजनार्थ.

प्रमाणपत्र घ्यायला गेलो तेव्हा मॅडम हळूच म्हणाल्या, "तो प्रयोग मला माहीत नव्हता. चांगला आहे." मी "थँक्यू मॅडम" म्हटलं. त्यांनी तो निकालाआधी कुणाला विचारून पाहिला असता तर, असं मनात आलं, पण तेवढंच.

बाबांना बसस्टँडवर सोडायला गेलो. मोटर मी उचलली होती, प्रमाणपत्र त्यांनी. जपून, घडी पडू न देता धरलं होतं. विद्यापीठाला दोघंच जाणार, त्यात मी नाही, हे त्यांना कसं सांगावं मला कळेना. शेवटी सांगितलं. 'उत्तेजनार्थ' म्हणजे काय तेही सांगितलं. म्हणजे नंबर नाही. म्हणजे बरा बोलला, पण घरी जा.

बाबांनी प्रमाणपत्राकडे पाहिलं. "हे साऱ्याच्या साऱ्यांचं तसंच हाय? टीव्हीवरच्यांचं?"

"हो."

"रांगोळीचंही?"

"हो बाबा."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. आई होती. निकालासाठी ती दुपारपासून थांबली होती, तिचा आवाज मलाही ऐकू येत होता. "काय झालं जी? जिंकला का आपला?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर मोटरीकडे वळवली.

"जिंकून राहिला," बाबा म्हणाले. "आणि आयक, ते टीव्हीवरचं काही काढू नको."