साडूची बिनक्लचची गाडी

दसऱ्याच्या दिवशी सकाळी साडेदहा वाजता बुलढाण्याला साडूच्या दारात गाडी उभी राहिली. किंमत एकोणीस लाख चाळीस हजार. चार वर्षं वापरलेली, पण चार दारांची डिझेल पिकअप, मागे माल टाकायला मोकळी जागा, आणि गिअर आपोआप बदलणारे. हजर माणसं चार: साडू, मेहुणी, माझी बायको आणि मी. वयाने मोठा म्हणून नारळ मला फोडायला दिला. तो एका घावात फुटला नाही, तीन लागले.

चाकाखाली लिंबं ठेवली होती. साडूने गाडी त्यांच्यावरून पुढे घेतली तेव्हा माझं लक्ष त्याच्या डाव्या पायाकडे होतं. तो पाय नुसता पडून होता. त्या पायाला कामच नव्हतं.

माझं घर मोताळ्याला, म्हणजे घाटाखाली. शेतात टोमॅटो, वांगी, मिरची असते. माल मीच माझ्या पिकअपमधून आठवड्यातून तीनदा राजूरचा घाट चढून बुलढाण्याच्या बाजारात नेतो. गाडी अकरा वर्षांची, पाच गिअरची, क्लच कडक. नऊशे किलो भरले की घाटात दुसरा, तिसरा, परत दुसरा, असं चालतं. एकदा मी मोजलं होतं. घाटाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत क्लच शेहेचाळीस वेळा दाबावा लागतो. आठवड्याला एकशे अडतीस, आणि हे फक्त चढतानाचे. माझा डावा गुडघा दोन वर्षांपासून दुखतो. साडूचं कृषी केंद्र आहे. पाइप आणि बियाण्याच्या पिशव्या पोचवायला त्याला गाडी लागते, महिन्यातून फार तर चारदा.

परत येताना बायको म्हणाली, "आताच श्रीखंड खाल्लं ना? मंग तोंड असं कडू काऊन झालं?"

"ऑटोमॅटिकचा भरवसा नसते," मी म्हणालो. "गिअरबॉक्स गेला की लाखाच्या खाली काम नाही."

"अजून गेला नाही ना. गेल्यावर हसजा."

मी गाडीत दोष शोधायला लागलो. दिवाळीत साडूने मला शेजारी बसवून घाट चढवला. मागे खताच्या पिशव्या होत्या, बरोबर आठशे किलो. गिअर चढात गोंधळेल, सारखा वरखाली होईल, अशी माझी आशा होती. तसं काही झालं नाही. गाडीने तिसरा धरला तो वळण येईपर्यंत सोडला नाही, आणि वळणावर स्वतःच दुसरा घेतला. उतरताना तर इंजिनच गाडी धरून ठेवत होतं. माझ्या गाडीला त्याच उतारावर ब्रेकचा वास येतो. सपाटीवर ऐंशीच्या वेगात सहावा गिअर पडला की काटा सोळाशे फेऱ्यांवर. माझ्या गाडीचा ऐंशीला सव्वीसशेवर असतो आणि आत बोललेलं ऐकू येत नाही. माझ्या हाती एकच गोष्ट लागली: तिला लिटरला अकरा पडतात, माझ्या गाडीला साडेबारा. म्हणजे शंभर किलोमीटरला एक लिटर जास्त. तो आकडा मी त्या दिवाळीत पाच घरी सांगितला.

गाडीबरोबर कंपनीचं पुस्तक आलं होतं, इंग्रजी, तीनशे बारा पानांचं. साडू म्हणाला, "साडूभाऊ, हे तुमीच वाचा. मले कटाळा येते. काही कामाचं असलं तर सांगजा."

मी ते शब्दकोश घेऊन तेरा दिवसांत वाचलं. त्याच्या उपयोगासाठी नाही, दोष सापडावा म्हणून. एका पानाचा कोपरा दुमडला. त्यात लिहिलं होतं की बंद पडलेली ही गाडी चाकं जमिनीवर ठेवून ओढू नये, उचलून न्यावी. कारण गिअरबॉक्समधलं तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरती, म्हणजे आतले दाते कोरडे घासणार. न्यूट्रलमध्ये टाकूनही उपयोग नाही. मला बरं वाटलं. माझी गाडी कुठेही, कितीही ओढता येते.

संक्रांतीनंतर साडूचा फोन आला. गाडी राजूरजवळ बंद पडली होती. मी माझी घेऊन गेलो. इंजिन नुसतं फिरायचं, पेटायचं नाही. मलकापूरच्या मिस्त्रीला फोन लावला. तो म्हणाला, डिझेलमध्ये पाणी असेल, इथे आणा. उचलून नेणाऱ्या गाडीचे साडेसहा हजार आणि तीन तास सांगितले.

साडूने माझ्या गाडीतला तारेचा दोर पाहिला. "टोचन लावून ओढली तं चालते ना, साडूभाऊ? पुस्तक तुमीच वाचेल हाये."

दुमडलेला कोपरा मला त्या क्षणी डोळ्यांसमोर दिसला. विसरलो होतो असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी मोताळ्याचा आठवडी बाजार होता, आणि मलकापूरचा रस्ता त्याच्या कडेने जातो.

"न्यूट्रलमधी टाका," मी म्हणालो. "काय होते त्याले!"

बाजारातून जाताना मी वेग कमी केला. कांद्याच्या ढिगाऱ्यामागून एक ओळखीचा ओरडला, "काय बे, एकोणीस लाखाचं वासरू बांधलं काय मांगं?" लोक हसले. मी हॉर्न दिला. आरशात साडूही हसत होता, हात वर करून. राजूरपासून मलकापूर माझ्या मीटरवर एकतीस किलोमीटर भरलं. मिस्त्रीच्या दारात उतरलो तर साडूच्या गाडीखालून जळक्या तेलाचा वास येत होता. डिझेलचे म्हणून साडूने बाराशे रुपये माझ्या खिशात कोंबले. मी ते काढले नाहीत.

फिल्टर बदलून इंजिन पेटलं. साडूने गिअर टाकला, इंजिन घोंगावलं, गाडी जागची हलली नाही. ती उचलून अकोल्याला गेली. तिथल्या मिस्त्रीने खोलून पाहिलं आणि फोनवर साडूला पहिलाच प्रश्न विचारला, "ओढली होती का?"

खर्च एक लाख चौसष्ट हजार. मेहुणीने स्वतःची मुदत ठेव मोडली. गावात मी म्हणत होतो, मी आधीच बोललो होतो, ऑटोमॅटिकचा भरवसा नसते. लोक मान हलवत होते. चार-पाच दिवस मला हे गोड लागलं.

मग साडूचा फोन आला. "चूक माहीच हाये, साडूभाऊ. मीच पुस्तक वाचाले पायजे होतं. त्यात काही लिहेल आहे का हो?"

"पाहून सांगतो," मी म्हणालो.

नऊ दिवस मी पाहत होतो. दहाव्या दिवशी पुस्तक घेऊन बुलढाण्याला गेलो. त्या दिवशी गाडीत माल नव्हता, तरी घाटात गुडघा दुखला. दोघं घरी होती. मी ते पान उघडून टेबलावर ठेवलं आणि त्याचा अर्थ मराठीत सांगितला.

साडूने दुमडलेल्या कोपऱ्यावर बोट फिरवलं. "हे तुमी कधी वाचलं?"

"दिवाळीनंतर."

"मंग त्या दिवशी काऊन नाही सांगतलं?"

"मले घाटात शेहेचाळीस वेळा क्लच दाबा लागते," मी म्हणालो. "तुमाले एकदाही नाही. म्हणून."

साडूने पुस्तक मिटलं. मग म्हणाला, "मले म्हटलं असतं तं आठवड्यातून तीनदा गाडी तुमालेच देली असती. उभीच तं राह्यते."

मी पैशांची पिशवी काढली. आपली गाडी बदलायची, तशीच बिनक्लचची घ्यायची, म्हणून मी सहा वर्षं साठवलेल्या रकमेतले ते पैसे होते.

"अर्धे ठेवा," साडू म्हणाला. "गाडी तं माही होती."

"अर्धे काऊन?" मेहुणी म्हणाली. "ठेव माही मोडली. आणा इकडे, भाऊजी."

तिने दोनदा मोजले. फिल्टरचे अठ्ठावीसशे मी धरले नव्हते, ते पाणी त्यांच्याच डिझेलमधलं होतं. दुरुस्तीचे एक लाख चौसष्ट हजार आणि टोचनाचे घेतलेले बाराशे, मिळून एक लाख पासष्ट हजार दोनशे रुपये मी मेहुणीच्या हातात दिले.