चटणीचा डबा आणि माझा आख्खा मसूर

हसणार नसाल तरच सांगतो. जाऊ द्या, हसा. व्याही हसून गेलेत, मग तुमचं काय एवढं!

मी फौजेतून रिटायर होऊन साताऱ्यात राहतो. मुलीच्या लग्नात व्याह्यांपुढं छाती फुगवून बोलून बसलो होतो, "फौजेत लंगर सांभाळलाय आपण. शंभर-शंभर जवानांचं जेवण!" आणि परवा नेमकी बायको शिराळ्याला माहेरी गेलेली असताना व्याह्यांचा फोन. "साताऱ्यात आलोय. दुपारी तुमच्या हातचंच जेवणार बगा!"

आता माघार कशी घेणार? फौजी माणूस मी!

आख्खा मसूर शिजत टाकला. बायकोनं उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेली चटणी, म्हणजे आमच्याकडचा वर्षभराचा कांदा-लसूण मसाला, दोन पळ्या घातली, वर अंदाजानं मीठ. रंग काय आला म्हणून सांगू! चव घेतली आणि डोळ्यांत पाणी आलं. नुसता खारट!

घाबरलो नाही. खारट झालं की बटाटा घालायचा, एवढं मला ठाऊक होतं. चार बटाटे सोलून टाकले, थोडं पाणी ओतलं. खारटपणा गेला, पण रंगही गेला. म्हणून अजून एक पळी चटणी. परत खारट! परत बटाटे, परत पाणी, परत चटणी. कढई पुरेना म्हणून पातेलं घेतलं, तेही भरलं तेव्हा अंघोळीचं पाणी तापवायचा टोप खाली काढला. आणि गंमत म्हणजे मीठ मी पुन्हा चिमूटभरही घातलं नव्हतं. मग येतंय कुठून?

शेवटी शिराळ्याला फोन लावला.

"आवं, चटणीत मीठ असतंय की!" बायको ओरडली. "कुटतानाच घालत्यात. तीस वर्सं खाताय न्हवं?"

"मग जाताना सांगायचं न्हाईस व्हय?"

"लंगर सांभाळलेल्या माणसाला मी काय सांगणार?"

तेवढ्यात व्याही दारात. वाढलं. ते एक घास खायचे आणि अर्धा तांब्या पाणी प्यायचे. इकडं माझा जीव वरखाली. इज्जतीचा प्रश्न होता हो!

"कसं झालंय, पाव्हणं?"

"मसुराचं न इचारल्यालं बरं," ते मिशीत हसले. "पर बटाटं काय सोलल्यात वो! एकाला डोळा ऱ्हायला न्हाई."

खोटं कशाला बोलू, ते ऐकून लय बरं वाटलं. आता आपल्यातलंच म्हणून सांगतो, लंगरात माझी ड्यूटी लागायची ती तेवढ्याचीच. शंभर जवानांचे बटाटे सोलायची!