डिशभाऊंची लाइन

डिशभाऊंच्या ऑफिसात जुनी वस्तू सापडायची नाही. आमच्या गोंदियात लोक मोडक्या पंख्याचं पातंही माळ्यावर ठेवतात, कधीतरी कामी येईल म्हणून. डिशभाऊंचं उलटं होतं. नवं यंत्र दाराशी उतरलं की ते आधी भंगारवाल्याला फोन लावायचे आणि मग खोका उघडायचे. ज्या डिशमुळे त्यांना हे नाव पडलं, फुलचूरच्या त्यांच्या गच्चीवरची ती मोठी जाळीची डिश, तीसुद्धा त्यांनी एका सकाळी अशीच देऊन टाकली. वहिनी खाली अंगणात उभ्या राहून म्हणत होत्या, आपली पहिली कमाई हिच्यावरची, निदान ही तरी राहू द्या. भाऊंनी वरूनच सांगितलं, "जुनं सांभाळत बसलं का माणूस तिथंच बसते. जागा मोकळी पाहिजे."

त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर होतं, लोकांच्या तोंडी नव्हतं. गोंदियालगतच्या फुलचूर आणि कुडव्याच्या घराघरांत केबल टीव्ही पोचवणारा माणूस म्हणजे डिशभाऊ. मी बी.कॉम. होऊन घरी बसले होते तेव्हा त्यांना तक्रारीचे फोन घ्यायला कुणीतरी हवं होतं. मी कुडव्याहून स्कूटीने जायचे. ऑफिस म्हणजे त्यांच्या घरामागची एक खोली. आत लोखंडी मांडणीत यंत्रं, आणि एसी त्या यंत्रांसाठी. आम्ही माणसं दाराशी, पंख्याखाली. मे महिन्यात फार झालं की मी काहीतरी निमित्त काढून यंत्रांपाशी जाऊन उभी राहायचे आणि भाऊ ते पाहून न पाहिल्यासारखं करायचे.

फोन घ्यायचं काम सोपं नव्हतं. मालिका रंगात आलेली असताना म्हशीने तार ओढली किंवा कुणाच्या ट्रॅक्टरने खांब हलवला, की अख्खी गल्ली माझ्यावर तुटून पडायची. निम्मे लोक हिंदीत बोलायचे, निम्मे पोवारीत, आणि शिव्या मात्र सगळ्यांच्या मला कळायच्या. पहिल्या आठवड्यात मी एकदा रडले. भाऊ समोर स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "तो तुह्यावर चिडून नाही राहिला, माय. त्याच्या घरचं चित्र गेलं, म्हणून चिडून राहिला. चित्र आलं का तोच चाय पाजते." ते खरं निघालं. पुढे त्याच घरांमधून माझ्यासाठी दिवाळीचा फराळ यायचा.

मग सेटटॉप बॉक्स आले. सरकारचा नियमच झाला की आता प्रत्येक टीव्हीला डबा हवा. बाकीचे केबलवाले संघटना करून विरोध करत बसले. भाऊंनी सगळ्यांच्या आधी डबे मागवले आणि जुने रिसीव्हर त्याच दिवशी भंगारात गेले. स्वतः घरोघरी फिरून त्यांनी डबे बसवले. म्हाताऱ्या बायकांना दोन रिमोट कळेनात. एक टीव्हीचा, एक डब्याचा, आणि चुकीचं बटन दाबलं की पडदा निळा. भाऊ माझ्याकडे येऊन जरा लाजतच म्हणाले, नखाला लावायचं लाल पॉलिश असेल तर दे. त्या पॉलिशचा ठिपका त्यांनी प्रत्येक रिमोटच्या एका बटनावर ठेवला. "आजी, लाल दाबायचं, बाकीच्याले हात नाही लावायचा." माझी बाटली संपली, तेव्हा वहिनींची घेतली.

डबे स्थिरावले तोवर दुसरा नियम आला, की प्रत्येक घराने आपापले चॅनल निवडून सांगायचे. ते बसतंय तोवर पैसे भरायचं ॲप आलं, मग ते ॲप बंद होऊन दुसरं आलं. मग ज्या कंपनीकडून आम्ही सिग्नल घ्यायचो ती दुसऱ्या मोठ्या कंपनीने गिळली, आणि नव्या कंपनीच्या सिग्नलवर जुने डबे चालेनात. म्हणजे घराघरातला डबा पुन्हा बदला. लोकांना वाटलं भाऊ लुबाडतायत. एका मास्तरांनी तर दारातच सुनावलं. भाऊ हात जोडून उभे राहिले, डबा बदलला, लाल ठिपका लावला आणि बाहेर आले. त्यांनी कुणाला दोष दिला नाही. परत येताना मला एवढंच म्हणाले की एकदा बदललं तर त्रास असतो, घडीघडी बदललं तर सवय होते.

पण ते नुसते मागे धावणारे नव्हते. पुढे लोक टीव्ही सोडून मोबाइल पाहतील, हे त्यांनी आमच्या भागात सगळ्यांच्या आधी ओळखलं. कुडव्यातला एक प्लॉट विकून त्यांनी फायबर टाकायचं ठरवलं. जुन्या तांब्याच्या तारेऐवजी काचेची, केसासारखी बारीक तार, तिच्यातून टीव्हीही जाणार आणि इंटरनेटही. ती तार जोडायचं यंत्र शिकायला ते पन्नाशी उलटून गेल्यावर नागपूरला गेले आणि विशी-बाविशीच्या पोरांबरोबर बाकावर बसले. परत आले ते चष्म्याचा नंबर वाढवून आणि फार खूश होऊन. सगळ्यांना दाखवत होते की तार कशी सोलायची, कशी पुसायची, पडद्यावर तिची दोन टोकं समोरासमोर कशी येतात.

हे शिकणं रतिरामला जमलं नाही. रतिराम भाऊंचा पहिल्यापासूनचा लाइनमन. बांबूची शिडी खांद्यावर घेऊन दोघांनी मिळून ही सगळी लाइन टाकली होती. त्याची बोटं जाड, कामाने चिरलेली. काचेची तार त्याच्या चिमटीत तुटायची. जोड लागलाच तर खराब लागायचा आणि मला फोन यायचे. भाऊ त्याच्यावर कधी ओरडले नाहीत, पण हळूहळू त्याला वसुलीचं काम दिलं, मग सामान आणायचं, मग काहीच नाही. एक दिवस रतिराम आलाच नाही. कळलं की तो कोहमाऱ्याला, हायवेवर, मेव्हण्याच्या ढाब्यावर आहे.

भाऊ त्याला आणायला निघाले, तेव्हा मीही गाडीत होते. मला तिथून जवळच, सडक अर्जुनीला मावशीकडे जायचं होतं. ढाब्यासमोर ट्रकची रांग होती. रतिराम मागे कांदे चिरत बसला होता. भाऊंना पाहून त्याने हात पुसले, खाटेवरची धूळ झटकली, चहा आणला. भाऊ म्हणाले, "चाल. इथं कायले बसून राहिला?"

"तार होती तवा मी कामाचा होतो, भाऊ जी. हे काच हाय. माह्या हातात येत नाही."

"मी शिकवतो ना तुले."

रतिरामने जरा विचार केला. रागाने नाही, अगदी साधेपणाने तो म्हणाला, "तुमी शिकवान जी. मंग ते बी बदलन. मंग?"

भाऊंनी चहा संपवला. जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो जरा जास्त वेळ राहिला. मग मला मावशीच्या दारात सोडून ते परत फिरले. पुढच्या आठवड्यात त्यांनी आयटीआय झालेली दोन पोरं कामाला घेतली. रतिरामचं नाव मग ऑफिसात कुणी काढलं नाही.

आमचे सगळ्यात चांगले दिवस आले ते टाळेबंदीत. सांगायलाही बरं वाटत नाही, पण खरं आहे. शाळा मोबाइलवर आल्या आणि मोठ्या कंपन्यांचं नेट रांगू लागलं, तेव्हा आमची फायबर लाइन पळत होती. ज्यांनी डब्यावरून भाऊंना बोल लावले होते, ते मास्तर आता आमच्याच लाइनवर वर्ग घेत होते. भाऊ पास खिशात घालून, तोंडाला रुमाल बांधून रिकाम्या रस्त्यांवर फिरायचे. त्या एका उन्हाळ्यात मी त्यांना गुणगुणताना ऐकलं. मला म्हणाले होते, "पाह्य माय, आपण येळेवर बदललो."

ते सुख फार टिकलं नाही. देशभर पसरलेली एक मोठी कंपनी आमच्या भागात आली. रस्त्याच्या कडेने खणलं, खांब उभे केले आणि गळ्यात ओळखपत्राचा पट्टा घातलेली पोरं दारोदार फिरली. सुरुवातीचे महिने फुकट, वर सिनेमे फुकट. भाऊंनी आपल्या लाइनचा वेग वाढवला, नवी यंत्रं आणली. तक्रार आली की तासाभरात माणूस पाठवायचो आम्ही. काही उपयोग झाला नाही. माणसं वाईट नव्हती. भाऊंना टाळायला रस्ता बदलून जाणारं कुणी नव्हतं. आमचं कनेक्शन सोडताना सगळे येऊन नीट सांगून गेले. भाऊ, राग मानू नका, पोरगं ऐकत नाही. भाऊ, तुमची सर्व्हिस एक नंबर आहे, पण ते फुकट देऊन राहिले ना. मास्तर तर पेढे घेऊन आले, कारण त्यांना वाईट वाटत होतं. मी त्या महिन्यांत फोनवर तक्रारी कमी आणि माफ्या जास्त ऐकल्या.

मग त्याच कंपनीने भाऊंना निरोप धाडला, आमचे भागीदार व्हा. तुमची माणसं, तुमची ओळख, आमची लाइन. वहिनींना ते पटलं नव्हतं. भाऊंनी रात्रभर विचार केला असावा, सकाळी त्यांचे डोळे तसे दिसत होते. पण ऑफिसात येऊन त्यांनी आम्हाला सांगितलं की अडून बसण्यात अर्थ नाही, आपण त्यांच्याकडून शिकू. ज्या गल्ल्यांत त्यांनी स्वतःची लाइन टाकली होती, त्याच गल्ल्यांत ते कंपनीचा टीशर्ट घालून तिचं कनेक्शन द्यायला लागले. टीशर्ट त्यांना घट्ट होता. कंपनीकडे त्यांच्या मापाचा आलाच नाही.

कंपनीचं ॲप ते माझ्याही आधी शिकले. पोरांना शिकवलं. वर्ष-दीड वर्ष बरं गेलं. मग त्याच कंपनीचा, तारेशिवाय हवेतूनच नेट देणारा डबा बाजारात आला. दुकानातून आणायचा, खिडकीत ठेवायचा, झालं. तार नको, खांब नको, जोडणारा नको आणि भागीदारही नको. कंपनीने कुणाला पाठवलं नाही, फोनही केला नाही. एका सकाळी भाऊंनी ॲप उघडलं, तर ते आत घेईना. भाऊंना वाटलं पासवर्ड चुकला. त्यांनी मला टाकायला सांगितला. मी टाकला. मग मी मदतीच्या क्रमांकावर फोन लावला. बऱ्याच वेळाने एका मुलीने हिंदीत, फार गोड आवाजात सांगितलं की आपल्या भागातली ही योजना संपली आहे. ती मुलगीही नोकरीच करत होती. मी तिच्यावर चिडू शकले नाही.

ऑफिस बंद झालं त्या दिवशी भाषणं-बिषणं काही झाली नाहीत. तार जोडायचं यंत्र तिरोड्याचा एक पोरगा घेऊन गेला. त्याला ते कसं धरायचं हे भाऊंनी ओट्यावर बसून समजावलं, आणि पोरगा सारखा घड्याळ पाहत होता. मला भाऊंनी दुसरीकडे जागा बघून ठेवली होती, गोंदियात एका सेवा केंद्रात. तिथे मी आजही आहे. दाखले, अर्ज, पोर्टल. दर काही महिन्यांनी पोर्टल बदलतं आणि मी नवं शिकते.

मागच्या पावसाळ्यानंतर मी त्यांना भेटायला गेले. साखरेच्या आजाराने पाय खराब झाला होता, त्यामुळे ते बाहेर पडत नव्हते. वहिनींनी पोहे केले. भाऊ खिडकीशी खुर्चीत बसून होते, हातात मोबाइल नव्हता, टीव्ही बंद होता. इकडचं तिकडचं बोललो. मला एक गोष्ट कितीतरी दिवसांपासून विचारायची होती, ती मी विचारली. म्हटलं, भाऊ, आपलं चुकलं कुठं?

वहिनी पोह्यांची प्लेट हातात घेऊन दारात थांबल्या. मग भाऊ म्हणाले, "चुकलो असतो त सुधरवलं असतं, माय. चुकलो नाही ना आपण."

त्यांनी मला पोहे खायला सांगितले, थंड होऊन राहिले म्हणाले. माझ्या मुलाच्या शाळेची चौकशी केली. निघताना ते काठी घेऊन फाटकापर्यंत आले, मी नको म्हणत असतानाही आले, आणि माझी स्कूटी सुरू होईस्तोवर उभे राहिले.

ते होळीच्या आधी गेले. त्यांच्या तेरवीला रतिराम कोहमाऱ्याहून आला होता. तो आणि मी मांडवात शेजारी बसलो होतो. अजूनही काम नसलं की मी ती सगळी वर्षं डोक्यात पुन्हा लावते. डबे, ॲप, फायबर, ती कंपनी. प्रत्येक ठिकाणी थांबून पाहते, की इथे वेगळं केलं असतं तर. दर वेळी भाऊंनी जे केलं तेच बरोबर निघतं.