आरशावरची टिकली

लेकीला लग्नात दिलेलं ड्रेसिंग टेबल माघारी आलेलं तुम्ही पाहिलं आहे का?

अकोल्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी जुन्या फर्निचरच्या दुकानात एक काका पॉलिश करतात. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. ते आधी लाकडावर हात फिरवतात, मग माणसाकडे बघतात. लग्नसराईत जो तो नवा सेट मागतो. काकांपुढे मात्र मोडलेल्या संसारांचे सेट येतात आणि चकचकीत होऊन दुसऱ्या मुलीच्या आंदणात जातात. त्या चकाकीचा मला रागही येतो.

परवा मूर्तिजापूरच्या एका बापाने विकलेलं ड्रेसिंग टेबल आलं. आरशावर टिकली तशीच होती.

"पुसून टाक ना बाबा, गिऱ्हाईक येऊन राह्यलं," दुकानदार म्हणाला.

"काहून पुसू? मी माल पुसतो. हे माल नाई."

काकांनी टिकली नखाने अलगद सोडवून दुकानाच्या चौकटीवर लावली. तिथे आधीच्या अकरा होत्या.

"या सगळ्या पोरी माहेरी आहेत का?" मी विचारलं.

"दोघी जित्या नाई राह्यल्या," म्हणत ते पुन्हा लाकूड घासू लागले.

यंदा तुमच्या घरच्या सोयरिकीच्या बैठकीत मुलाकडून सोफा-दिवाणाची यादी निघाली, तर ती फाडा आणि पोरीला घेऊन उठा.